सतराव्या रेघेवरचं माहेर

ॲटलास सापडला तो कपाटाच्या मागे. रंगारी येणार म्हणून मी आणि नवऱ्याने मिळून ते धूड भिंतीपासून ओढलं, तर मागे धुळीत हा पालथा पडलेला. निळ्या कापडी बांधणीचा, आतल्या पानावर शाळेचा शिक्का. म्हणजे खरं तर तो मी पन्नास वर्षांपूर्वीच परत करायला हवा होता. मी तशीच जमिनीवर बसकण मारली. गुडघे कुरकुरले, पण त्यांचं कोण ऐकतंय? जगाचं पान उघडलं आणि ती रेघ दिसली. पेन्सिलीची, जराशी थरथरलेली, रत्नागिरीपासून निघून डावीकडे डावीकडे गेलेली. तिच्या दुसऱ्या टोकाला एक पिवळा डाग होता, हळदीच्या बोटाचा. आईचं बोट.

तेवढ्यात लेकीचा फोन आला, इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकहून. ती तिथे कॉम्प्युटरचं काहीतरी करते, मला चारदा समजावलंय आणि मी चारदा मान डोलावलीय. तिचा आवाज जरा उतरलेला वाटला. मी म्हटलं, ये की इकडे, कधीही ये, तुझंच घर आहे. "बघते गं," म्हणाली आणि फोन ठेवला. मी पुन्हा त्या रेघेवर बोट फिरवत बसले आणि बोटामागून मीही निघाले, साठीतली बाई, फ्रॉकात शिरून.

तेव्हा आम्ही ह्याच शहरात राहायचो, ग्लासगोच्या पश्चिम भागात, दुसऱ्या मजल्यावर. बाबा छातीच्या विकारांचे डॉक्टर. दगडी इमारत कोळशाच्या धुराने इतकी काळी झालेली, की ती मुळात तांबूस आहे हे मला ती धुतली तेव्हा, कॉलेजात गेल्यावर कळलं. जिन्यात ओल्या लोकरीचा, मांजराचा आणि कुणाच्या तरी उकडलेल्या कोबीचा वास. पण दुसऱ्या मजल्यावर आलात की त्या सगळ्यांना गप्प बसवणारी आईची फोडणी. सकाळी दुधाच्या बाटल्यांचा किणकिणाट, कोळसेवाल्याची आरोळी, शनिवारी बिगुल वाजवत येणारा भंगारवाला. जुने कपडे दिले की तो फुगा द्यायचा. एकदा मी त्याला बाबांचा चांगला स्वेटर देऊन टाकला. मार बसला असणारच, पण तो काही आठवत नाही. फुगा लाल होता, हे मात्र पक्कं आठवतं.

आई रत्नागिरीची. खाडीच्या तोंडाशी घर, पुढे नारळ, मागे आंबे, आणि ओटीवर बसलं की समोर सूर्य समुद्रात बुडायचा. मी तिथे गेले होते ती दोन वर्षांची असताना, म्हणजे गेले नव्हते म्हटलं तरी चालेल. पण आईच्या तोंडून ते घर मी इतक्या वेळा ऐकलं होतं, की डोळे मिटून विहिरीपर्यंत गेले असते. वर्षातून एकदा, अक्षय तृतीयेला, आमच्याकडे आंब्याच्या रसाचा डबा फोडला जायचा. बाबा कामानिमित्त लंडनला गेले की तिथल्या देशी दुकानातून एकच डबा आणायचे. आई आधी वास घ्यायची, मग चमचाभर जिभेवर ठेवायची आणि दरवर्षी तेच म्हणायची, "डब्यातला तो डब्यातलाच." आणि मग चमचा असा चाटायची की धुवायची गरज उरायची नाही.

मी आठ वर्षांची असताना एक पत्र आलं. आजी-आजोबा दोघंही गेलेले होतेच. ह्या पत्रात घर आणि वाडी विकल्याचं होतं. कुणी विकलं, का विकलं, हे मला कुणी सांगितलं नाही, आणि पुढे मीही विचारलं नाही. आईने पत्राची घडी घालून ते पिठाच्या डब्याखाली सारलं आणि पोळ्या लाटायला घेतल्या. बाबा घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "आता मला माहेर नाही."

त्या वर्षी रसाचा डबा फोडला नाही. पुढच्या वर्षीही नाही. तो फळीवर तसाच बसून राहिला आणि त्याच्या चित्रातला आंबा फिका पडत गेला. आई तशी रडणाऱ्यातली नव्हती. भांडायची मात्र झकास. मासेवाल्याशी, बाबांशी, रेडिओतल्या हवामानवाल्याशीसुद्धा. आता ती भांडेनाशी झाली. मासेवाल्याने शिळे मासे गळ्यात मारले तरी मुकाट्याने घेऊन यायची. मला त्याचीच फार भीती वाटायची. शाळेतून येताना जिन्यातच कान टवकारायचे, आतून भांडणाचा आवाज येतो का म्हणून.

दहाव्या वर्षी तो गृहपाठ मिळाला. बाईंनी सांगितलं, अक्षांशाची कुठलीही एक रेघ धरा, जगभर फिरवा आणि वाटेत काय काय भेटतं ते लिहा. वर्गातल्या सगळ्यांनी ग्लासगोची रेघ धरली. त्यांना मॉस्को भेटलं. मी शहाणी, मी रत्नागिरीची धरली, सतराव्या अंशाची. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ॲटलास पसरून मी पट्टीशिवाय रेघ ओढत होते आणि नावं मोठ्याने वाचत होते. आई पाठमोरी, भाजीला फोडणी देत होती. अरबस्तान. सुदान. वाळवंट. अजून वाळवंट. अजून वाळवंट.

"बाई गं, घसा कोरडा पडला," आई म्हणाली. खूप दिवसांनी तिने असं काहीतरी म्हटलं होतं, म्हणून मी मुद्दामच आणखी दोन वाळवंटं वाढवली. मग अटलांटिक आला. मग टाचणीच्या टोकाएवढं एक बेट. मग मेक्सिको, आणि मेक्सिको संपून रेघ पुन्हा पाण्यात पडते तिथे, अगदी काठाला चिकटून, एक नाव होतं. अकापुल्को.

आई वळली. हात न पुसता टेबलापाशी आली आणि तिने त्या नावावर बोट ठेवलं.

"समुद्र कुठल्या अंगाला?"

"पश्चिमेला."

"म्हणजे सूर्य समुद्रात बुडतो."

भाजी करपली. आमच्या घरात भाजी करपली अशी माझ्या आठवणीतली ती एकच वेळ.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती मला फाटकाशी उभी दिसली, छत्री घेऊन. तडक लायब्ररीत नेलंन. तिथे ओल्या कोटांचा आणि फरशीच्या पॉलिशचा वास. मेक्सिकोवरचं रंगीत चित्रांचं एक पुस्तक मिळालं आणि ते आम्ही दोघींनी मांडीवर अर्धं अर्धं घेऊन पाहिलं. नारळाची झाडं, जास्वंदी, किनाऱ्यावर वाळत घातलेली जाळी, टोपलीत आंबे. आंबे! पुस्तकात लिहिलं होतं की शेकडो वर्षांपूर्वी पूर्वेकडून, फिलिपिन्सकडून, जहाजं ह्या बंदरात यायची आणि त्यांतूनच आंबा तिकडे गेला. मी ते तिला मराठीत सांगितलं. आईने त्या चित्रातल्या टोपलीकडे बराच वेळ पाहिलं. "बघ," म्हणाली, "तोही सासरी आलाय बिचारा. रुजला की नाही?"

आणि मग आमच्या घरात अकापुल्कोचे दिवस सुरू झाले. ते दीड-दोन वर्षं चालले, आणि खरं सांगू, प्रवासापेक्षा मला ते दिवसच जास्त आवडतात. रविवारी दुपारी जेवणं झाली की टेबल पुसलं जायचं आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला जायचा. त्यात ट्रॅव्हल एजंटकडची माहितीपत्रकं, मासिकातून कापलेली चित्रं, आईची यादी. बाबा आधी नुसतेच चेष्टा करायचे. नकाशात माहेर शोधणारी पहिलीच बाई तू, असं म्हणायचे. पण एका रविवारी त्यांनीच विमानांचं वेळापत्रक आणून टेबलावर ठेवलं आणि वर्तमानपत्रामागे तोंड लपवलं. मग त्यांनी शनिवार-रविवारच्या जादा ड्युट्या घेतल्या, खाली समुद्रकाठच्या एका गावच्या छोट्या हॉस्पिटलात. आम्ही दोघी बरोबर जायचो. समुद्राचा सराव करायला.

तो सराव काय वर्णावा! जुलै महिना, आकाश राखाडी, पाऊस आडवा. स्कॉटिश आज्या प्लास्टिकच्या टोप्या बांधून डेकचेअरवर बसलेल्या, थर्मासातला चहा पीत, जणू ऊनच पडलंय. आणि त्यांच्यासमोरून माझी आई, साडी खोचून, पाण्यात घोट्यापर्यंत. तिचे ओठ जांभळे व्हायचे. "हा समुद्र नव्हे," म्हणायची, "फ्रिजमधलं पाणी सांडलंय कुणाचं तरी." तरी दर वेळी जायची. मी विचारलं, कशाला जातेस मग? म्हणाली, पायांना सवय राहायला हवी, नाहीतर तिकडे गेल्यावर समुद्र ओळख द्यायचा नाही. परत येताना बसमध्ये व्हिनेगर मारलेले चिप्स खायचो. त्यावर आई पिशवीतून लसणीची चटणी काढून भुरभुरवायची. मी आजही तसेच खाते, आणि नवरा आजही दुसरीकडे बघतो.

लायब्ररीतूनच स्पॅनिश शिकवणारी एक रेकॉर्ड आणली होती. कोटाला बटण कसं लावून मागायचं वगैरे धडे आईने बाजूला सारले. तिने फक्त घरातले शब्द घेतले. आग्वा म्हणजे पाणी. साल म्हणजे मीठ. इहा म्हणजे लेक. पोळी तव्यावर फुगली की ती रेकॉर्डमधल्या बाईच्या सुरात म्हणायची, आग्वा, साल, इहा. खिडकीतून मला जेवायला हाक मारायची तीही 'इहा' अशी. अंगणात माझ्याबरोबर खेळणाऱ्या पोरांनी ते तिच्या भाषेतलं माझं नाव असेल म्हणून सोडून दिलं. आणि आई पुन्हा भांडायला लागली हो! पहिलं भांडण मासेवाल्याशी, एका हॅडक माशावरून. मी दुकानाच्या दारात उभी होते आणि मला आनंदाने उड्या माराव्याशा वाटत होत्या.

आता इथे समोरच्या मिसेस मॅक्रेंना आत आणायला हवं, कारण त्यांच्याशिवाय पुढचं झालंच नसतं. जिन्याच्या पलीकडच्या दारात राहणाऱ्या विधवा बाई, गोल चेहरा, कायम एप्रन. आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा त्यांनी आईला सांगितलं होतं, कधीही या चहाला. आई गेली नाही. वर्षभर गेली नाही. मिसेस मॅक्रेंना वाटलं, डॉक्टरीणबाईंना शिष्टपणा आहे. आईला वाटलं, या बाई तोंडदेखलं बोलतात. 'या हं कधीतरी' ह्याचा आपल्याकडे अर्थ काय होतो ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. शेवटी बाबांनी मध्ये पडून दोन्हीकडचा गैरसमज दूर केला. तेव्हापासून मिसेस मॅक्रे हात पुसून, केस सारखे करून आमचं दार वाजवायच्या आणि म्हणायच्या, "गुरुवारी, तीन वाजता, मिसेस डॉक्टर." आई ठीक तीनला, चार पावलांवर, चांगली साडी नेसून जायची. दोघींची मग अशी गट्टी जमली की काय सांगू! मिसेस मॅक्रे साखर-दुधाची टॅब्लेट म्हणून एक मिठाई करायच्या. आईने पहिला तुकडा तोंडात टाकला आणि जाहीर केलं, ही तर आपली वडी, फक्त वेलदोडा विसरल्यात. पुढच्या गुरुवारी तिने वेलदोडा नेऊन दिला.

तर, सगळं जमून आलं. बाबांना मे महिन्याची रजा मिळाली. राहण्याची जागाही ठरली. माहितीपत्रकात अगदी खाली, बारक्या चौकोनात तिचा फोटो होता. जुन्या वस्तीतलं, टेकडीवरचं एक छोटं गेस्टहाउस, अंगणात आंब्याचं झाड, आणि व्हरांड्यात हाताची घडी घालून उभी असलेली एक जाडजूड बाई, फोटो काढणाऱ्यावर जरा रागावलेली. आई मोठ्या हॉटेलांच्या चकचकीत चित्रांवरून झरझर पुढे गेली आणि तिथे थांबली. "ही," म्हणाली. घर नव्हे, बाई निवडल्यासारखं.

जानेवारीतल्या एका रविवारी बाबांनी फॉर्म टेबलावर ठेवला आणि पेनाचं टोपण काढलं. आईने विचारलं, बोलावणं कुठेय? बाबा हसले. म्हणाले, अगं, हॉटेल आहे ते, फॉर्म भरला की तेच बोलावणं. मग मला हॉटेलात जायचं नाही, आई म्हणाली, हॉटेलं इथे काय कमी आहेत?

घोडं पेंड खात होतं ते इथे. बाबांना वाटलं चेष्टा आहे, मग वाटलं हट्ट आहे, मग ते चिडले. दोन वर्षं त्या गावासाठी जीव टाकलास आणि आता हे काय खूळ, असं काहीसं म्हणाले. आई भांडली नाही. शांतपणे बोलत राहिली, आणि मला तेच नको होतं. लग्नानंतर मुंबईत असताना दर चैत्रात आजोबा तिला न्यायला यायचे. भाऊ नव्हता, म्हणून वडीलच मुराळी. आधी पत्र यायचं, मग ते स्वतः, हातात करंडी आणि अंगाला बोटीचा वास. न बोलावता ती एकदाही गेली नव्हती.

"आपणहून उठून जाते ती पाहुणी," आई म्हणाली. "बोलावल्यावर जाते ती लेक. पाहुणी म्हणून मी इथे रोजच आहे."

बाबांनी पेनाला टोपण लावलं. फॉर्म महिनाअखेरीपर्यंत द्यायचा होता. बिस्किटांचा डबा बंद झाला, रेकॉर्ड लायब्ररीत परत गेली. सोमवारी मासेवाल्याने बारकी मासळी दिली आणि आईने निमूटपणे पिशवीत टाकली.  एवढ्या मुश्किलीने परत आलेली माझी आई पुन्हा त्या पत्राच्या घडीत जाऊन बसणार, असं मला वाटलं, आणि ते मला सहन होण्यासारखं नव्हतं.

मग मी ठरवलं, मुराळी मीच. वहीची चार पानं फाडली आणि त्या फोटोतल्या बाईंना इंग्रजीत पत्र लिहिलं. लिहिलं की माझ्या आईचं घर तुमच्याच रेघेवर आहे, फक्त दुसऱ्या टोकाला, आणि ते विकलं गेलंय. तिला तुमच्याकडे यायचंय, पण बोलावल्याशिवाय ती येणार नाही, कारण आमच्यात तसं असतं. तेव्हा तुम्ही तिला बोलवाल का? ती स्वयंपाक छान करते आणि भांडते, पण मनाने चांगली आहे. शेवटी ताजा कलम म्हणून आणखी एक गोष्ट लिहिली. ती काय, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही आणि तुम्हालाही एवढ्यात सांगत नाही.

पत्र घेऊन मिसेस मॅक्रेंकडे गेले, कारण पाकीट, तिकीट आणि शुद्धलेखन तिन्ही त्यांच्याकडे होतं. त्यांनी चष्मा लावून चारही पानं वाचली. ताजा कलमापाशी थांबल्या, चष्मा काढून एप्रनला पुसला, परत लावला. तीन स्पेलिंगं सुधारली. बाकी एका अक्षरालाही हात लावायचा नाही, हेन, असं म्हणाल्या. हेन म्हणजे इथल्या बायकांचं 'बाळ'. पाकिटावर पत्ता त्यांनीच सुवाच्य अक्षरात लिहिला आणि आम्ही दोघी मिळून ते लाल पेटीत टाकून आलो.

महिनाअखेर आली. बाबांनी आईला न सांगता एजंटकडून आणखी तीन आठवडे मागून घेतले. मी रोज पोस्टमनच्या आधी जिन्यात. दुधाच्या बाटल्यांवर बर्फाची टोपी चढलेली, नाक गळतंय, आणि पोस्टमन म्हणतोय, आज नाही गं. असे किती दिवस गेले ते आठवत नाही. एका शनिवारी त्याने एक पाकीट माझ्या हातात ठेवलं. पातळ कागद, निळी शाई, आणि वर आईचं नाव. माझं नव्हे, आईचं.

आईने ते उलटून पालटून पाहिलं, मला वाचायला सांगितलं आणि मराठीत सांग म्हणाली. बाबा वर्तमानपत्रामागे. इंग्रजी मोडकंतोडकं होतं, ते त्या बाईंनी भाच्याकडून लिहून घेतलं होतं, पण खाली सही त्यांची स्वतःची, दोन्या लुपे. दोन्या म्हणजे आपल्याकडे बाई लावतात तसं. मी वाचत गेले. मला चार मुलगे आहेत, मुलगी नाही. पाहुण्यांसाठी माझ्याकडे आठ खोल्या आहेत. तुझ्यासाठी आंब्याकडची खोली ठेवली आहे, ती पाहुण्यांना देत नाही. मे महिन्यात आंबा पिकतो, तेव्हा ये. उशीर केलास तर आंबे पोपट खातील. मी तुला बोलावते आहे. आणि सगळ्यात शेवटी, वेगळ्या ओळीवर, तुझ्या मुलीला सांग, तिने लिहिलेली दुसरी गोष्टही माझ्या लक्षात आहे.

"दुसरी कुठली गोष्ट?" आईने विचारलं. मी जमिनीवरच्या लिनोलियमच्या चौकोनांचा अभ्यास करत होते. वर्तमानपत्र हलत होतं, बाबा त्यामागे हसत होते की काय कोण जाणे. आईने मला जवळ ओढलं आणि माझ्या डोक्यावर हनुवटी टेकवून उभी राहिली. तिच्या पदराला लसणीचा, धुण्याच्या साबणाचा वास. मग तिने फळीवरचा डबा काढला, त्यावरची धूळ पुसली आणि डबा फोडायची चावी कुठे ठेवलीय म्हणून सगळे खण उपसले. बाहेर गारा पडत होत्या आणि आम्ही फेब्रुवारीत आमरस-पोळी खाल्ली. "डब्यातला तो डब्यातलाच," आई म्हणाली, आणि मग कुठल्या साड्या न्यायच्या ह्यावरून तिने बाबांशी जे भांडण काढलं ते एप्रिल संपेपर्यंत पुरलं. फॉर्म बाबांनी लगेच सोमवारी गुपचूप भरला. आईला त्यांनी ते कधी सांगितलं नाही, आणि आपल्याला ते ठाऊक आहे हे आईनेही त्यांना कधी सांगितलं नाही.

माहेरी रिकाम्या हाताने जायचं नसतं. म्हणून बेसनाचे लाडू, मेतकूट, खणाचा तुकडा, आणि मिसेस मॅक्रेंनी दिलेली टॅब्लेट, वेलदोडा घातलेली. तीन विमानं बदलली. दोन विमानांत मी झोपले होते. शेवटच्या विमानाचं दार उघडलं आणि गरम, खारट हवा आत आली, सुक्या मासळीचा आणि काहीतरी पिकल्याचा वास घेऊन. आई शिडीच्या वरच्या पायरीवरच थांबली. मागे माणसं तुंबली. बाबा म्हणाले, अगं चल. ती हलेना. पोटभर श्वास घेऊन झाल्यावरच उतरली.

टॅक्सी टेकडी चढून फाटकाशी थांबली. व्हरांड्यात त्या उभ्या होत्या, फोटोतल्यापेक्षा बुटक्या, पण चेहरा तोच, रागावलेला. आज हाताची घडी नव्हती, कारण हात रिकामे नव्हते. आई पायरीवर पाय ठेवणार तोच त्यांनी तळवा दाखवून तिला थांबवलं. एका हातात पाण्याचा पेला होता. दुसऱ्या हातात मक्याची भाकरी, तॉर्तिया, नुकतीच तव्यावरून उतरवलेली.

माझा ताजा कलम असा होता: माझी आजी असती तर तिने दारात आईवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला असता आणि पायांवर पाणी घातलं असतं. तुमच्याकडे आमच्यासारखी भाकरी नसेल, तर जी असेल ती चालेल. पण त्याशिवाय तिला आत घेऊ नका.

दोन्या लुपेंनी तुकडा मोडला. उलट्या दिशेने ओवाळला, मग शंका आली म्हणून सुलट्या दिशेने, मग डोक्यापासून पायापर्यंत. पुढे काय करायचं ते आठवेना, तशा माझ्याकडे बघायला लागल्या. मी हाताने खूण केली, टाका. त्यांनी तो कोंबड्यांकडे भिरकावला. पाणी आईच्या पायांवर घातलं, ते निम्मं नव्या चपलांवर गेलं. मग बाजूला सरून, दार मोकळं करून म्हणाल्या, "ये, इहा."

तो शब्द आईला येत होता. माझी न रडणारी आई त्या ओल्या पायरीवर उभी राहून मोठ्याने, लहान मुलीसारखी रडली, आणि रडता रडता हसत होती. मग वाकली, त्या बाईंच्या पायांना हात लावला आणि मराठीत म्हणाली, "आले गं, आई."

अंगणात आंबा पाडाला लागला होता. पोपटही होते.

आणि इथे, ग्लासगोत, मी अजून जमिनीवर बसलेली. रंगारी खाली बेल वाजवतोय, नवरा विचारतोय तुला काय झालं. मला एकदम आठवलं की मघाशी मी पोरीला काय म्हटलं. कधीही ये. चक्क मिसेस मॅक्रेंसारखं म्हटलं, आणि ती बघते म्हणाली. म्हणणारच. हात्तिच्या, इतकं सगळं बघून मी शिकले काय? तसाच फोन उचलला आणि लावला.

"ह्या शुक्रवारी ये," मी म्हटलं. "संध्याकाळच्या ट्रेनने. मी स्टेशनवर न्यायला येते."

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. "आई, तू खरंच बोलावतेस?"

हो, बोलावतेय, मी म्हटलं, आणि चपला शोधायला उठले. भाकरी काही मला आजतागायत थापता येत नाही, पण कोपऱ्यावरच्या दुकानात तॉर्तिया मिळतात.